मसाज थेरपिस्टचा कोर्स करायचाय, कुठून सुरुवात करू?

कृष्णाकाठची_रेश्मा
नमस्कार मंडळी. मी सांगलीची, बारावी झालीये. आई बाळ-बाळंतिणीच्या मालिशची कामं करते, तिच्यासोबत जाऊन जाऊन माझाही हात बसलाय, तर आता हेच रीतसर शिकून स्पा नाहीतर पंचकर्म सेंटरला लागावं असं डोक्यात आहे. एका क्लासवाल्याने फोनवर सांगितलं की पंधरा दिवसात डिप्लोमा, दुबईत जॉब पक्का, फी ५५ हजार. घरचे म्हणतात मसाज म्हणजे नको ते धंदे. कुणी या लाईनमध्ये असेल तर खरं काय ते सांगा प्लीज.

तेलाचे_हात
मी पुण्यात हॉटेलच्या स्पामध्ये आहे. पंधरा दिवसात डिप्लोमा म्हणजे कागद मिळेल, हात नाही तयार होणार. आपल्याकडे मसाजसाठी वेगळं सरकारी लायसन्स नाहीये, त्यामुळे सर्टिफिकेट कोणीही छापतं. त्यातल्या त्यात स्किल इंडियामधले ब्यूटी अँड वेलनेस कौन्सिलचे असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट हे कोर्स बघ, आणि मोठी हॉटेलं सिडेस्कोला (ब्यूटी-स्पाचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा) मानतात पण ते प्रकरण महाग आहे, आत्ता नको.

क्लासला जाऊन एकच विचार, प्रॅक्टिकल कोणावर करायचं आणि रोज किती वेळ. नुसते व्हिडिओ दाखवत असतील तर उठून ये. आईकडून शिकलीस ते बाळाला पायांवर घेऊन, तिथे सगळं मनगटातून चालतं, पण मोठ्या माणसाच्या पाठीला तसं करत बसलीस तर अंगठे कामातून जातील, या लाईनमध्ये पहिले अंगठेच जातात. टेबलाशेजारी हात सरळ सोडून उभं राहायचं, मूठ गादीला जेमतेम टेकली पाहिजे एवढीच टेबलाची उंची. एक पाय पुढे एक मागे, मागच्या पायाने रेटा द्यायचा, जोर अंगाच्या वजनाचा, आणि जिथे जमेल तिथे अंगठ्याऐवजी कोपराखालचा हात वापरायचा. चादर फक्त जिथे काम चाललंय तिथलीच बाजूला करायची, बाकी अंग झाकलेलं. हे जिथे पहिल्या दिवशी शिकवतात तो क्लास बरा समज.

घरच्यांचं म्हणशील तर पिटाखाली (वेश्याव्यवसायाविरुद्धचा कायदा) स्पांवर धाडी पडतात, पेपरात येतं, त्यांची भीती काही हवेतली नाही. आईला घेऊन ये आणि चांगला स्पा आतून दाखव.

फिजिओ_नाशिक
वरचं सगळं बरोबर, फक्त एक महत्त्वाचं राहिलं. कुठे हात लावायचा नाही हे आधी शिका. ताप असेल तर मसाज नाही. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर अजिबात चोळायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो, सरळ डॉक्टरकडे पाठवा. गुडघ्यामागची खळगी, गळ्याची पुढची बाजू इथे दाब नको, फुगलेल्या शिरांवर तर नकोच. आणि सलूनमध्ये मान कट्‌कन मोडतात तो प्रकार कोणी शिकवायला लागलं तर शिकू नका, मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा झालेल्या केसेस आहेत. गुडघे बरे करतो, नस मोकळी करतो असली प्रॉमिस गिऱ्हाईकाला द्यायची नाहीत, ते तुमचं काम नाही.

अभ्यंग_वाला
पंचकर्माची लाईन वेगळी आहे ताई. वैद्य सांगतील तेच तेल आणि तेवढाच वेळ. अभ्यंगाला, म्हणजे अंगभर तेल लावून मालिश करायला, बऱ्याच ठिकाणी दोघं दोन बाजूंनी एका लयीत हात चालवतात, हातापायाला लांब सरळ, सांध्यावर गोल. बाईला बाईच करते त्यामुळे मुलींना मागणी असते. पण नुसतं मालिश नाही हां, स्वेदनाची (वाफेने घाम काढायची) पेटी पुसणं, तेलकट फरशी धुणं, शिरोधारेत कपाळावर सोडायची तेलाची धार सांभाळत उभं राहणं सगळं आपल्याच गळ्यात, आणि सुरुवातीचा पगार बघून रडू येईल.

गल्फरिटर्न
दुबईचं मी सांगतो. एजंटला ई-मायग्रेटच्या सरकारी साईटवर शोधा, रजिस्टर्ड नसेल तर विषय संपला. रजिस्टर्ड एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलू म्हणाला तर फोन कट करा. क्रूझवर जायचं झालं तर एजंटकडे डीजी शिपिंगचं (जहाजांचं सरकारी खातं) आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरायचं लायसन्स पाहिजे आणि तिथे नोकरी लावायचे पैसे घ्यायलाच बंदी आहे.

कृष्णाकाठची_रेश्मा
बापरे, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. त्या क्लासवाल्याला आत्ता पावतीचं विचारलं तर म्हणतो पावती नंतर, आधी ऑनलाईन टाका. नाही टाकत. @तेलाचे_हात, आई म्हणते तीच येते बघायला, कधी यावं?

तेलाचे_हात
शनिवार-रविवार सोडून कधीही ये, त्या दोन दिवसांत आम्हाला पाणी प्यायलाही वेळ नसतो. दुपारी १२ च्या आत या, टेबलं रिकामी असतात, आईलाच झोपवून दाखवते.