मदत हवी आहे : चालणं जमलं, ताकदीच्या व्यायामाचं काय?

नमस्कार मंडळी. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. चार महिन्यांपासून आठवड्यातले पाच दिवस रोज ३० मिनिटं भरभर चालतो, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना सांगते ती किमान १५० मिनिटं कशीबशी भरतात. पण त्याच सल्ल्यात आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायामही आहेत, आणि घोडं तिथेच अडलंय.

दोनदा सुरुवात केली. पहिल्याच दिवशी हौसेने ५० बैठका मारल्या आणि पुढचे तीन दिवस जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी तिरकी उतरत होतो! घरच्यांची करमणूक झाली, व्यायाम बंद पडला. आता खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० वेळा करतो. एवढ्याने भागेल का? किती दिवसांनी वाढवायचं? घरात डंबेल्स वगैरे काही नाही. जिम नको, तिथे आपण टिकत नाही हे माहीत आहे.

आणखी एक. संध्याकाळी पाचच्या सुमारास गोड खायची जबरदस्त तल्लफ येते. दुपारच्या जेवणात प्रथिनं वाढवून कुणाला फरक पडलाय का? स्वतः करून पाहिलेलंच सांगा, फॉरवर्ड नकोत.