साखर उतरली, तरी इन्सुलिन का चालू ठेवले?

पालक, तासगाव : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला गेल्या महिन्यात उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. अपचन समजून आम्ही दोन दिवस घालवले. धाप लागल्यावर सांगलीला नेले, तेव्हा साखर ४८० निघाली आणि डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसचे, म्हणजे मधुमेहात रक्तातील आम्लता धोकादायकरीत्या वाढण्याचे, निदान झाले. ती आता बरी आहे, तरीही दोन गोष्टी उलगडत नाहीत. पहिला तासभर इन्सुलिन न देता नुसते सलाईन का दिले? आणि साखर २४० वर आल्यावर इन्सुलिन बंद करण्याऐवजी ग्लुकोजचे सलाईन का जोडले?

बालरोगतज्ज्ञ, कराड : दोन्ही योग्यच झाले. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साचतात आणि रक्तातील आम्लता वाढते. खरा धोका तिथे असतो. कीटोन तयार होणे इन्सुलिननेच थांबते, परंतु साखर आधी उतरते आणि आम्लता मागे रेंगाळते. म्हणून साखर २५० ते ३०० च्या आसपास आली की ग्लुकोज जोडतात, म्हणजे साखर फार खाली न जाता इन्सुलिन चालू ठेवता येते.

पहिला तास पाण्याचा असतो. उलट्या आणि वारंवार लघवीमुळे मूल शुष्क झालेले असते, आणि नुसत्या सलाईननेही साखर काहीशी उतरते. शिवाय इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते. रक्तातील पोटॅशियम घसरले तर हृदयाची लय बिघडते, त्यामुळे त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. मात्रा दर किलो वजनाला ताशी ०.०५ ते ०.१ युनिट, म्हणजे २५ किलोच्या मुलीला ताशी सव्वा ते अडीच युनिट, तीही पंपाने. मुलांना सुरुवातीलाच एकदम मोठा डोस देत नाहीत.

परिचारिका, मिरज : उपचार सुरू असताना मूल गाढ झोपले की नातेवाइकांना हायसे वाटते, आम्हाला मात्र धडकी भरते. डोकेदुखी, गुंगी, मंदावलेली नाडी ही मेंदूला सूज येत असल्याची लक्षणे असू शकतात, म्हणून आम्ही मुलांना दर तासाला उठवतो. त्यावरून आईवडिलांची बोलणीही खातो.

पालक, तासगाव : आमच्याकडूनही खाल्लीत! एक शंका उरली : पुन्हा उलट्या होऊन तिने जेवण सोडले, तर इन्सुलिन थांबवावे का?

बालरोगतज्ज्ञ, कराड : मुळीच नाही. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन उपाशीपोटीही लागतेच. जेवणाआधीचा डोस किती द्यायचा, ते आपल्या डॉक्टरांना फोन करून ठरवावे. साखर व कीटोन तपासत राहावे आणि उलट्या थांबत नसतील किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता निघावे.