मल्हाररावांच्या खटल्यातलं ‘मॅकिनेशन्स’ मराठीत काय लिहावं?

रावपुऱ्याची: नमस्कार. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्या खटल्यावरचा इंग्रजी लेख मराठीत करतेय. त्यात ‘महाराजांची मॅकिनेशन्स’ असं आलंय. मी ‘कारस्थानं’ लिहिलं, संपादक म्हणतात ‘कट’ करा. आणि उच्चार मॅकिनेशन की मॅशिनेशन?

दांडियाबाजारकर: ताई, कारस्थानंच ठेवा. कट ठरावीक माणसं ठरावीक कामासाठी करतात. मॅकिनेशन्स म्हणजे आतल्या आत रचलेले डाव, म्हणून शब्द बहुधा अनेकवचनीच येतो. उच्चार मॅकिनेशन जास्त चालतो, दुसराही चूक नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. ‘महाराजांची कारस्थानं’ छापलंत की आपल्याच बडोद्याच्या अंकात मल्हारराव दोषी ठरले! नोव्हेंबर 1874 मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप झाला. साहेबांनी एखाद-दोन घोट घेतले, बाकीचं फेकलं, तेव्हा पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. त्याच्या आठवडाभर आधीच, फेअरना इथून हलवा म्हणून महाराजांचा खलिता व्हाइसरॉयकडे गेलेला. या आरोपाच्या चौकशीसाठी बसलेल्या 1875 च्या आयोगात तिघे इंग्रज सभासद दोषी म्हणाले. जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव यांनी मात्र तसं म्हणायला नकार दिला. तीन विरुद्ध तीन! एप्रिलमध्ये गादी गेली ती गैरकारभाराचं कारण देऊन. तो गैरकारभार होताच, त्यावर पांघरूण घालू नये. पण विषाचा डाग सिद्ध झालेला नाही.

मांडवीवाला: काका, खटल्याचं पटलं. पण मूळ लेखकानं ‘महाराजांची’ लिहिलंय ना? अनुवादात ते गाळणं बरोबर नाही. त्याचं मत त्याच्या नावावर राहू दे, खाली संपादकीय टीप द्या.

दांडियाबाजारकर: टीप चालेल, पण त्याच पानावर हवी. अंकाच्या शेवटी कोण बघतं? आणि तीन-तीनचा निकाल त्यात आलाच पाहिजे.

रावपुऱ्याची: ठरलं. ‘कारस्थानं’ ठेवते आणि त्याच पानाच्या तळाशी आयोगाचा निकाल नावांनिशी देते. जयाजीराव आणि दिनकरराव दोघेही ग्वाल्हेरशी जोडलेले, तेही लिहू ना?

दांडियाबाजारकर: जरूर. एक तिथले महाराज, दुसरे तिथले पूर्वीचे दिवाण. आणि आर्सेनिक नको हं, सोमलच लिहा.