हाडाचे आणि हिरडीचे कलम : माळकरी आईची शंका (चर्चेतील नावे ही सदस्यांची टोपणनावे)

नीराकाठ :
आईची (वय ६२) खालची उजवी दाढ तीन वर्षांपूर्वी काढली. आता तेथे इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसवायचे म्हणून सीबीसीटी स्कॅन (जबड्याचे त्रिमितीय क्ष-किरण चित्र) केला, तेव्हा हाडाची रुंदी जेमतेम ४ मिलिमीटर भरली. त्यामुळे आधी हाडाचे कलम, म्हणजे बोन ग्राफ्ट, करावे लागेल असे दंतवैद्यांनी सांगितले. शिवाय पुढच्या एका दाताची हिरडी उतरून मूळ उघडे पडले आहे, तेथे टाळूतील ऊतक लावायचे आहे. आई माळकरी आहे. कलमासाठीच्या पांढऱ्या दाण्यांची कुपी पाहताच तिने विचारले, "हे हाड कोणाचे?" "काळजी करू नका, शुद्ध केलेले असते," एवढ्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही.

दंतकथा :
मी हिरड्यांचा डॉक्टर आहे. आईंचा प्रश्न रास्त आहे आणि तो संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारायचा असतो. कुपीतील दाणे चार प्रकारचे असू शकतात : रुग्णाचे स्वतःचे हाड, मानवी दात्याचे प्रक्रिया केलेले हाड, प्राण्याचे (बहुधा गोवंशाचे) सेंद्रिय भाग काढून टाकलेले हाड, किंवा हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांसारखा प्रयोगशाळेत तयार केलेला पदार्थ. पुष्कळ जण दाण्यांची चौकशी करतात आणि त्यांवर अंथरला जाणारा पातळ पडदा विसरतात. तो कोलॅजेन या प्रथिनाचा असेल तर बहुधा डुकराच्या किंवा गुराच्या ऊतकापासून केलेला असतो. कृत्रिम पडदेही मिळतात, त्यामुळे दोन्हींचे मूळ स्वतंत्रपणे विचारा आणि वेष्टनावरील माहिती स्वतः वाचा.

दात काढल्यावर त्याला धरून ठेवणारे हाड निकामी झाल्यासारखे झिजू लागते, आणि ही झीज पहिल्या वर्षात, त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत, सर्वाधिक असते. तेथे भरलेले दाणे म्हणजे भिंतीला लावलेली पुट्टी नव्हे. तो वेलासाठी घातलेला मांडव असतो. आजूबाजूच्या हाडातील रक्तवाहिन्या आणि पेशी त्यात शिरतात व नवे हाड रचतात. काही दाणे हळूहळू विरघळतात, तर गोवंशाच्या हाडाचे दाणे वर्षानुवर्षे तसेच राहू शकतात. नवे हाड तयार होण्यासाठी साधारण ४ ते ६ महिने थांबावे लागते, म्हणून "पुढच्या महिन्यात स्क्रू बसवा" असा आग्रह धरू नये. स्वतःचे हाड खालच्या अक्कलदाढेच्या मागून काढता येते आणि त्यात जिवंत पेशी असतात, हा त्याचा मोठा गुण. मात्र दुसरी जखम सोसावी लागते.

तिखटमीठ :
हिरडीचे कलम मी करून घेतले आहे. माझा अनुभव असा की, जेथे कलम लावले तेथे दुखले नाही. दुखले ते टाळूला, जेथून ऊतक काढले. मऊ भाताचे शीतसुद्धा टोचायचे, म्हणून पहिले चार दिवस गार ताक आणि मुगाचे पातळ वरण यांवर काढले. कलम पाहण्यासाठी आरशासमोर ओठ ओढू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. मी तिसऱ्या दिवशी ओढलाच आणि टाका ताणला गेला.

दंतकथा :
हे अगदी बरोबर आहे. पहिले काही दिवस कलमाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ते खालच्या थरातून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, आणि ते हलले तर नव्या रक्तवाहिन्या जोडल्याच जात नाहीत. टाळूच्या आतून संयोजी ऊतक (वरच्या थराखालचे ऊतक) काढून वरची त्वचा परत शिवली, तर जखम लहान राहते. वरचा थरच काढला, तर ती उघडी असते आणि भरायला दोन ते चार आठवडे लागतात. मूळ पुरते झाकले जाईलच असे नाही. दोन दातांमधील हाड व हिरडी शाबूत असेल, तरच ती आशा बाळगावी.

आता माझे तीन प्रश्न. आईंची साखर ताब्यात आहे का? हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून त्या आठवड्याची गोळी किंवा इंजेक्शन घेतात का? घेत असतील तर ते परस्पर बंद न करता दंतवैद्यांना सांगा, कारण अशा काही औषधांमुळे जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. आणि त्या मिश्री लावतात का?

नीराकाठ :
साखर ठीक आहे आणि तशी गोळी नाही. डॉक्टरांकडे पुन्हा गेलो; कुपी गोवंशाच्या हाडाचीच निघाली. कृत्रिम दाणे आणि कृत्रिम पडदा वापरण्यास ते तयार आहेत. मिश्रीचे मात्र आम्हांलाही नव्याने कळले. "तंबाखू खाता का?" याला आईने "नाही" असे उत्तर दिले होते, कारण तिच्या लेखी मिश्री हे दात घासण्याचे साधन आहे, तंबाखू नव्हे. मिश्रीमुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे. डबी सध्या माझ्या कपाटात आहे, आणि आई सकाळी दोनदा ती मागून गेली आहे.