मदत हवी आहे: स्टार्चच्या फिल्ममध्ये तंतूंच्या गाठी होतात

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ दिंडोरी भागात आमची द्राक्षाच्या खुंटांची छोटी रोपवाटिका आहे. डॉगरीजची (खुंटाची एक जात) रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत वाढतात, लागवडीला पिशवी फाडली की ती बांधावर पडते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते. पिशवीसकट खड्ड्यात लावता यावं, म्हणून पिशवीसाठी मातीत कुजणारी स्टार्चची फिल्म करून पाहतोय.

मक्याचा स्टार्च, त्याच्या वजनाच्या साधारण ३० टक्के ग्लिसरीन आणि पाणी, ८०-८५ अंशांवर पारदर्शक खळ होईपर्यंत घोटायचं आणि काचेवर पातळ ओतून वाळवायचं. फिल्म छान निघते, पण पावसाळी हवेत लिबलिबीत होते आणि थंडीत वाकवली की तडकते. ग्लिसरीन वाढवलं तर आणखी ओल ओढते, कमी केलं तर काचेसारखी मोडते.

म्हणून सेल्युलोजच्या (वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतला तंतुमय पदार्थ) नॅनोतंतूंकडे, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंकडे वळलो. जाडी १०० नॅनोमीटरच्या आत असली, की ते स्टार्चशी हायड्रोजन बंधांनी घट्ट जुळतात आणि १ ते ५ टक्क्यांतही ताकद वाढते. रसवंतीवरची उसाची चिपाडं धुऊन कॉस्टिक सोड्यात उकळतो (तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन सुटून पाणी गडद तपकिरी होतं), मग हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरी करून मिक्सरमध्ये फिरवतो. छाटणीच्या काड्या घरच्याच आहेत, पण त्या लाकडासारख्या टणक, त्यांचं लिग्निन सहज निघत नाही. लगदा वाळला की तंतू एकमेकांना कायमचे चिकटतात, म्हणून तो ओलाच ठेवतो.

तरीही फिल्म उजेडासमोर धरली की तंतूंच्या गाठींचे बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि ओढल्यावर ती नेमकी तिथूनच फाटते.

मिक्सरने तंतू नॅनोपर्यंत पोचत नसणार हे उघड आहे. हाय प्रेशर होमोजिनायझर (प्रचंड दाबाने लगदा अरुंद फटीतून ढकलून तंतू सुटे करणारं यंत्र) परवडणारा नाही. दगडी चकत्यांच्या ओल्या ग्राइंडरमधून लगदा पुन्हा पुन्हा काढून कुणी काम भागवलंय का? तंतू थंड पाण्यात आधी नीट पसरवून मग स्टार्च घालावा, की खळ तयार झाल्यावर? फिल्मने ओल कमी ओढावी म्हणून सायट्रिक अॅसिड घालायचं मनात आहे, पण उष्णतेत आम्लाने स्टार्चच्या साखळ्या तुटतातही, तेव्हा प्रमाण किती ठेवू?

नाशिकमधल्या एखाद्या कॉलेजात अल्ट्रासोनिकेटर (ध्वनिलहरींनी तंतू सुटे करणारं यंत्र) बाहेरच्यांना वापरू देत असतील तर तेही सांगा. लगदा घेऊन मी येईन.