फुकटची सिंगापूर वारी

"शिक्षकांचं काय, फुकटात परदेश!" हे वाचून हसू आलं. मी आठवी-नववीची बावीस मुलं घेऊन सिंगापूरला गेले होते. पाच दिवसांत सलग चार तास झोपले असेन तर शपथ. सगळे पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, रात्री उशाखाली. तिथलं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. इथल्या आया जेवणं आटोपून साडेदहाला "झोपला का हो?" विचारायच्या, तेव्हा तिकडे एक वाजलेला.

मेट्रोत खाल्लं तर 500 डॉलरपर्यंत दंड, हे बजावूनही एकाने बाकरवडीचा पुडा फोडलाच. ओढून पर्समध्ये कोंबला. घरी आल्यावरही पर्समधून तीळ निघत होते.

नवीन जाणाऱ्यांनी एवढं मात्र मुलांकडून घोकून घ्या: चुकलात तर तिथेच उभं राहायचं, आम्हीच परत येऊ. धोबी घाट स्टेशनावर (नाव ऐकून सगळे खिदळत होते) दार लागलं आणि एक मुलगी फलाटावरच राहिली. बाकीच्यांना सरांच्या ताब्यात देऊन मी पुढच्या स्टेशनावरून उलटी आले, तर बाई जागच्या हलल्या नव्हत्या, निवांत नकाशा वाचत होत्या. पाय लटपटत होते ते माझे.