धक्क्यावरील तेल टिपण्यासाठी सावरीचा कापूस : मदत हवी आहे

आमच्या मच्छीमार संस्थेच्या धक्क्यालगत होड्यांच्या इंजिनांतून गळणारे डिझेल आणि जळके ऑइल पाण्यावर साचते व भरतीबरोबर खाडीतील तिवरांपर्यंत पोहोचते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तिवरांत शिरलेले तेल काढणे किती अवघड असते ते दिसलेच आहे. म्हणून ते धक्क्यापाशीच अडवावे, असे वाटते.

सावरीचे तंतू आतून पोकळ असून त्यांच्यावर नैसर्गिक मेण असते, त्यामुळे ते पाणी न शोषता तेल धरून ठेवतात. (औषधाच्या दुकानातील कापसाचे मेण धुतलेले असल्याने तो पाणीच पितो, त्यामुळे कृपया तो सुचवू नये.) जुन्या जाळ्यांच्या लांबट पिशव्यांत हा कापूस भरून त्या पाण्यावर तरंगत बांधण्याचा विचार आहे.

कापूस किती दाबून भरावा, आणि पिळून तो पुन्हा वापरल्यास त्याची तेल धरण्याची क्षमता कितपत टिकते? पांढऱ्या सावरीऐवजी आमच्याकडे सहज मिळणारी काटेसावर चालेल का? तेलाने माखलेला कापूस उघड्यावर जाळणे आम्हाला मान्य नाही. त्याची विल्हेवाट कोणी रीतसर लावली असल्यास ती पद्धत कृपया सविस्तर कळवावी.